दोन स्ट्रायकर, एक सुतळी

माझ्या किटबॅगेत शिट्टी, पंप, बारा कोन आणि सुतळीचं एक बंडल असतं. द्राक्षबागेत वेली तारेला बांधायला वापरतात तसली सुतळी. नाशिकजवळच्या दिंडोरीकडच्या एका पोराच्या वडिलांनी दिलेली. नवीन पालक विचारतात, "सर, फुटबॉलमध्ये सुतळी कशाला?" मी म्हणतो, पंधरा मिनिटं थांबा, दिसेल.

सुतळी आली ती एका हरलेल्या मॅचनंतर. मनपास्तर शालेय स्पर्धा, पावसाळ्याचे दिवस, गोलसमोर घोटाभर चिखल. त्या वर्षी आमच्याकडे दोन तगडे स्ट्रायकर, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल मारणारे, होते, नऊ नंबर आणि दहा नंबर. टर्फवर, गल्लीत, सरावात, दोघंही गोल मारून मारून दमत. त्या दिवशी आम्ही एक-शून्यने हरलो. दुसऱ्या हाफमध्ये उजवीकडून नेमका हवा तसा क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला पास, आला. दोघंही नियर पोस्टला, म्हणजे क्रॉसच्या बाजूच्या खांबाकडे, धावले, पायात पाय अडकले आणि चेंडू दोघांच्या मधून निसटून फार पोस्टकडे, पलीकडच्या खांबाकडे, घरंगळत गेला. तिथे आमचं कुणीच नव्हतं. नंतर मिसळ खायला बसलो तेव्हा दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते, आणि मी दोघांनाही झापलं. चूक खरं तर माझी होती. मी दोन चांगले स्ट्रायकर खेळवले होते. जोडी खेळवलीच नव्हती.

त्यानंतर सातपूर-अंबडकडची बरीच पोरं हाताखालून गेली. बहुतेकांचे वडील एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळे सराव सकाळी सहाला नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. जोडी बांधायचा खाली लिहिलेला क्रम या पोरांवर वापरून, चुकून, बदलून तयार झालेला आहे. १३ ते १८ वयाच्या पोरांना तो लागू पडतो. मुलींच्या संघाबरोबरही वापरला, काही बदलावं लागलं नाही.

आधी वही

संघातले सगळ्यात जास्त गोल मारणारे दोघं उचलायचे आणि पुढे उभे करायचे, ही नेहमीची चूक. दोघांचे गोल वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतील तर चालून जातं. नाहीतर एकाच खुर्चीवर दोन पाहुणे बसवल्यासारखं होतं.

पहिले तीन सराव काहीच शिकवू नका. चार विरुद्ध चार खेळवा, वीस-वीस मिनिटं, आणि वही घेऊन बाजूला उभे राहा. मी प्रत्येक पोराबद्दल तीनच गोष्टी लिहितो.

पहिली, चेंडू पायात मागतो की जागेत? हे हातावरून कळतं. पायात मागणारा तळहात खाली करून स्वतःच्या बुटाकडे दाखवतो. जागेत मागणारा बॅकच्या, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या, पाठीमागच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवतो. दुसरी, दमल्यावर कुठे जातो? शेवटच्या पाच मिनिटांत पोरगं शिकवलेलं सगळं विसरतं आणि आपल्या आवडत्या कोपऱ्यात जाऊन उभं राहतं. कुणी उजव्या विंगला, कुणी मिडफिल्डमध्ये, कुणी गोलकीपरच्या नाकासमोर. ती त्याची खरी जागा. तिसरी, दुसऱ्याने शॉट मारला की हा काय करतो? कंबरेवर हात ठेवून बघतो, की रिबाउंडसाठी, परत उडालेल्या चेंडूसाठी, दोन पावलं पुढे टाकतो?

वहीत एक पायात मागणारा आणि एक जागेत मागणारा सापडला, दोघांचे आवडते कोपरे वेगळे निघाले, आणि निदान एकजण रिबाउंडवर धावणारा असला, की जोडी निवडून झाली. गोलांची बेरीज नंतर बघू.

उंचीवर जाऊ नका. उंच-बुटका हा जोडीचा सगळ्यांना माहीत असलेला साचा, आणि तो खोटा नाही. इंग्लंडच्या संडरलंड क्लबचा नाइल क्विन हेडरने चेंडू खाली उतरवायचा आणि केविन फिलिप्स तो जमिनीला टेकायच्या आत तिथे हजर असायचा. १९९९-२००० मध्ये फिलिप्सने प्रीमियर लीगमध्ये ३० गोल मारून युरोपचा गोल्डन शू, लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा मान, नेला. पण ब्लॅकबर्नला १९९४-९५ ची लीग जिंकून देणारे शिअरर आणि सटन दोघंही आडदांड सेंटर फॉरवर्ड होते, आणि मँचेस्टर युनायटेडच्या १९९८-९९ च्या संघातले कोल आणि यॉर्क, ज्यांनी सगळ्या स्पर्धा मिळून ५३ गोल केले, त्यांच्यातलं कुणीच ताडमाड नव्हतं. शिवाय आपल्या पोरांचं वय बघा. नववीत खांद्याला लागणारं पोरगं दहावीची सुट्टी संपवून येतं तेव्हा आपल्याच डोक्यावरून बघतं. उंचीवर बांधलेली जोडी दिवाळीपर्यंत टिकत नाही.

सुतळी

आता ते बंडल काढा. बारा मीटर मोजून कापा. एक टोक नऊ नंबरच्या मुठीत, दुसरं दहा नंबरच्या. मनगटाला किंवा कमरेला अजिबात बांधायची नाही. नुसती धरायची, ओढ बसली की सुटली पाहिजे. आणि या सरावात फक्त चालायचं. धावायला लागले की कुणीतरी तोंडावर पडतं, हे मी करून बघितलंय.

मैदानाच्या पुढच्या तिसऱ्या भागात चार पोरं बॅक म्हणून उभी करा. त्यांच्यासमोर चार मिडफिल्डर चेंडू एकमेकांना देत राहतील: डावीकडून मध्ये, मधून उजवीकडे, परत. मध्ये आपली जोडी सुतळी धरून चेंडूबरोबर सरकत राहते. सुतळी मुठीतून सुटली तर लांब गेलात. पायात यायला लागली तर जवळ आलात. साधारण आठ ते बारा मीटरच्या मधलं अंतर हवं, एवढंच ती सांगते.

आठच का? त्याहून जवळ आले की एकच सेंटर बॅक दोघांना सांभाळतो आणि दुसरा मोकळा होऊन मागे कव्हर देतो. बाराच का? चिखलात किंवा वाढलेल्या गवतात शाळकरी पोराचा एका टचचा पास तेवढ्याच अंतरावर धड पोचतो. चांगलं गवत आणि मोठी पोरं असतील तर पंधरा करा, माझी हरकत नाही.

पण अंतरापेक्षा महत्त्वाची आहे सुतळीची दिशा. सुतळी गोललाइनला समांतर दिसली की मी शिट्टी मारतो. दोघं एका ओळीत म्हणजे बॅकलाइनला सोपं: एका नजरेत दोघं दिसतात, आणि एकाकडे पास आला तर दुसऱ्याला तो फक्त आडवा देता येतो. सुतळी तिरपी हवी. एकजण बॅकला चिकटून, दुसरा पाच-सहा मीटर मागे आणि बाजूला. मग पुढच्याने पाठीवर बॅक घेऊन चेंडू मागे सोडला तर तो दुसऱ्याला तोंडासमोर मिळतो, गोलकडे बघत. सेंटर बॅकपुढेही पेच पडतो: मागच्याला धरायला पुढे जायचं की जागेवर थांबायचं?

चेंडू बाजू बदलतो तसा तिरपेपणाही उलटतो. चेंडू उजवीकडे असेल तर उजवा स्ट्रायकर खाली आणि डावा वर. चेंडू डावीकडे गेला की उलट. ही अदलाबदल पोरांना पहिल्या दिवशी जमत नाही. दोघंही एकदम खाली येतात, नाहीतर दोघंही वर जातात. दहा-दहा मिनिटं, चार सराव, एवढं द्या. पाचव्या सरावात सुतळी काढून घ्या आणि तोच खेळ चालू ठेवा. पोरं सुरुवातीला मूठ वळूनच फिरतात. बघायला मजा येते.

एक येतो, एक जातो

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. बाकीचं राहिलं तरी चालेल.

जोडीबद्दल बोलताना लोक लगेच "टेलिपथी" म्हणतात. लिव्हरपूलचे जॉन टोशॅक आणि केविन कीगन १९७०च्या दशकात इतके जमून खेळायचे की एका टीव्ही कार्यक्रमात त्यांची खरोखर टेलिपथीची परीक्षा घेतली. एकाने कार्ड बघायचं, दुसऱ्याने ओळखायचं. टोशॅकची उत्तरं बरोबर येत गेली. नंतर त्यानेच सांगितलं की कॅमेऱ्याच्या भिंगात कार्डाचं प्रतिबिंब दिसत होतं! मी हा किस्सा दर वर्षी पोरांना सांगतो. मैदानावरही असंच असतं: मनातलं कुणी वाचत नाही, कुठे बघायचं ते माहीत असतं.

कुठे बघायचं? पास देणाऱ्याच्या डोक्याकडे. मिडफिल्डर चेंडू ताब्यात घेताना मान खाली घालतो. ती मान वर आली की तो पास देणार. तोच इशारा. मान वर आली की पायात मागणारा दोन-तीन जलद पावलं चेंडूकडे टाकतो, आणि त्याचा बॅक त्याच्यामागे ओढला गेला की दुसरा त्या रिकाम्या झालेल्या जागेत जातो. क्रम असाच हवा. आधी येणारा, मग जाणारा. दोघं एकाच क्षणी निघाले तर बॅक हललेला नसतो आणि जागाही तयार झालेली नसते. मधलं अंतर अर्ध्या सेकंदाचं. पोरांना सेकंद कळत नाहीत, म्हणून मी "आला... गेला" असं मोठ्याने म्हणतो, "गेला" ऐकू आल्यावरच दुसऱ्याने पाय उचलायचा.

सरावाची आखणी अशी करा. गोलसमोर साधारण २५ बाय ३० मीटरचा चौकोन कोनांनी आखा. पहिला टप्पा: बॅक नाहीत, फक्त पास देणारा आणि जोडी, चालत. कंटाळा येईपर्यंत करा, साधारण दहा फेऱ्या. दुसरा टप्पा: दोन बॅक, पण पाय घालायचा नाही, फक्त सावलीसारखं मागे फिरायचं. तिसरा टप्पा: बॅक मोकळे, खरा खेळ. पास आल्यापासून सहा सेकंदांत शॉट, नाहीतर फेरी बाद. आठ फेऱ्या झाल्या की बॅक आणि स्ट्रायकर यांची अदलाबदल. स्ट्रायकरला बॅक खेळवायलाच पाहिजे. आपला माणूस खाली पळाला की किती चिडचिड होते, हे स्वतः भोगल्याशिवाय त्याला आपलं हत्यार कळत नाही.

तिसऱ्या टप्प्यात मी गोल मोजत नाही. बॅकने "कुणाला धरू?" असा गोंधळून आपल्या जोडीदाराकडे किती वेळा बघितलं, ते मोजतो. आठांत तीनदा झालं तरी वहीत बरोबरची खूण.

यातलीच पुढची गोष्ट म्हणजे डमी: पायाशी आलेला चेंडू न शिवता जोडीदारासाठी सोडायचा. पोरांना हे शिकवताना मी एकच गोल दाखवतो, फोनवर, उन्हात हाताची सावली करून. २५ नोव्हेंबर १९९८, बार्सिलोनाचं कॅम्प नोउ, चॅम्पियन्स लीग, मॅच ३-३ सुटली. रॉय कीनने मधून यॉर्ककडे पास दिला. यॉर्कने पाय उचलला आणि चेंडू खालून जाऊ दिला, मागे कोल. कोलने एका टचमध्ये यॉर्कला, यॉर्कने एका टचमध्ये परत कोलला, आणि कोल गोलकीपरसमोर एकटा. पहिल्यांदा पोरं वन-टू, म्हणजे ही पासची देवाणघेवाण, बघतात. दुसऱ्यांदा मी सांगतो, चेंडू बघू नका, यॉर्क बघा. चेंडू सोडल्यावर तो थांबत नाही. सोडता-सोडता वळतो आणि परतीच्या पाससाठी तयार असतो. आपली पोरं डमी करतात आणि स्वतःच्याच करामतीवर खूश होऊन उभी राहतात. डमीनंतरची दोन पावलं शिकवा. डमी त्यांना येतोच.

डमीला शब्द लागतो. मैदानावर "माझा, माझा!" हा सगळ्यात निरुपयोगी ओरडा आहे, अकरा पोरं तोच ओरडत असतात. आमचे तीन शब्द ठरलेले आहेत. "सोड" म्हणजे मी मागे आहे, डमी कर. "दे" म्हणजे एका टचमध्ये मागे दे. "फिर" म्हणजे पाठीवर कुणी नाही, वळ. प्रत्येक शब्दाआधी जोडीदाराची हाक, नाव किंवा टोपणनाव. शब्द मागचा बोलतो, कारण त्याला सगळं समोर दिसतं. नाव घेण्याला आणखी एक कारण आहे. प्रतिस्पर्ध्याला फसवण्यासाठी ओरडणं नियमात बसत नाही, रेफ्री कार्ड दाखवून अप्रत्यक्ष फ्री किक देऊ शकतो. नाव घेतलं की हाक कुणाला होती, हा वादच राहत नाही.

कात्री, म्हणजे दोघांनी एकमेकांना ओलांडून जागा बदलणं, मी फारसं शिकवत नाही. छान दिसतं, पण या वयात दोघं धडकतात तरी किंवा बॅक नुसते माणसं बदलून घेतात. येणं-जाणं पक्कं झालं की ते आपसूक करायला लागतात.

बॉक्समध्ये

आता त्या चिखलातल्या क्रॉसकडे येतो.

क्रॉस येताना दोघांचं काम वेगळं असतं आणि ते धावायला सुरुवात करण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. आमचा नियम साधा: चेंडूच्या बाजूचा स्ट्रायकर नियर पोस्टला, दुसरा फार पोस्टला. चेंडू उजवीकडून आला तर उजवा पुढे. वाद नाही, चर्चा नाही. नियर पोस्टला जाणाऱ्याला हे पटवावं लागतं की चेंडू लागला नाही तरी त्याचं काम झालं. तो सहा यार्डाच्या रेषेवर, म्हणजे गोलपासून साडेपाच मीटरवर, जीव तोडून धावतो, एक बॅक आणि गोलकीपरची नजर ओढून नेतो. गोल ७.३२ मीटर रुंद. नजर एका खांबाकडे गेली की दुसऱ्या खांबाकडे पुष्कळ जागा उरते.

दुसऱ्याचं काम जास्त अवघड, कारण त्याला थांबावं लागतं. पोरगं थांबत नाही. चेंडू विंगला गेला की ते गोलकडे धावत सुटतं आणि चेंडू यायच्या आत पोचून उभं राहतं. उभ्या माणसाला बॅक सहज धरतो. मी पेनल्टी स्पॉटच्या मागे, गोलपासून साधारण १३-१४ मीटरवर, एक कोन ठेवतो. विंगरने क्रॉससाठी पाय मागे नेईपर्यंत त्या कोनाला हात लावून उभं राहायचं. पाय मागे गेला की सुटायचं. पहिल्या आठवड्यात पोरं मला शिव्या घालतात, मनातल्या मनात. पण धावत चेंडूवर येणं आणि चेंडूची वाट बघत उभं राहणं यातला फरक एकदा पायाला कळला की कोन काढून टाकता येतो.

विंगर गोललाइनपर्यंत पोचला आणि चेंडू मागे ओढून देणार असेल तर तिसरी वाट: नियर पोस्टवाला तसाच आत घुसतो, बॅक त्याच्याबरोबर गोलकडे पळतात, आणि दुसरा कोनाजवळच थांबतो. शालेय मॅचमध्ये आमचे निम्मे गोल इथूनच येतात असं मला वाटतं, पण आकडा विचारू नका. वही एकदा पावसात भिजली.

टर्फची सवय आणि ऑफसाइड

गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, जिकडे बघावं तिकडे आता टर्फ. बॉक्स क्रिकेटवाल्यांच्या आधीचा किंवा नंतरचा तास घेऊन पोरं फाइव्ह-अ-साइड खेळतात. चांगलंच आहे; फर्स्ट टच सुधारतो. पण तिथे ऑफसाइड नसतो. स्ट्रायकर गोलकीपरच्या गळ्यात पडून उभा राहायला शिकतो आणि मोठ्या मैदानावर आला की लाइन्समनचा झेंडा खाली येत नाही.

नियम थोडक्यात पोरांना तोंडपाठ हवा. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात, पास सुटण्याच्या क्षणी, तुम्ही चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असलात तर ऑफसाइड जागेवर. बरोबरीत असलात तर ठीक. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवर थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नाही. आणि नुसतं ऑफसाइड जागेवर असणं हा गुन्हा नाही. खेळात भाग घेतला तरच. हे शेवटचं वाक्य जोडीसाठी सोन्याचं आहे. १९९४च्या विश्वचषकात ब्राझील-नेदरलँड्स उपांत्यपूर्व सामन्यात रोमारिओ ऑफसाइड जागेवरून सावकाश परत चालत येत होता. लांबून आलेल्या चेंडूकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. डच बॅक क्षणभर सैल पडले आणि मागून बेबेतो त्या चेंडूवर धावला, गोलकीपरला चकवून गोल. (त्यानंतरचा बाळाला जोजवण्याचा जल्लोष सगळ्यांना आठवतो, रोमारिओचं चालणं कुणाला आठवत नाही.) हे मी युक्ती म्हणून शिकवत नाही. पण ऑफसाइड अडकलास तर हात वर करून हळूच बाजूला हो, चेंडूकडे जाऊ नको, एवढं मात्र शिकवतो.

सरावाला चुन्याची फक्की घ्या. बॉक्सच्या बाहेर पाच मीटरवर एक आडवी रेषा मारा, ती बॅकलाइन समजा. नियम: जोडीतला एकच जण रेषेवर खेळणार, दुसरा कायम तिच्या अलीकडे. रेषेवरच्याने गोलकडे तोंड करून उभं न राहता आडवं उभं राहायचं, एक खांदा गोलकडे, एक चेंडूकडे, म्हणजे दोन्ही दिसतं. धाव घ्यायची तीही आधी रेषेला समांतर, मग आत वळून. सरळ आत पळालात तर अर्ध्या वेळा झेंडा वर.

चेंडू गेल्यावर

हे लवकर उरकतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बॅककडे गेला की एकाने जायचं, दुसऱ्याने त्यांच्या मधल्या मिडफिल्डरसमोर उभं राहायचं. जाणारा सरळ धावत नाही, थोडा कमानीत धावतो, म्हणजे बॅकला आडवा पास बंद होतो आणि तो एकाच बाजूला ढकलला जातो. दोघं एकदम धावले तर मधून पास निघतो आणि आपली दोन माणसं खेळातून बाद. सुतळीचं अंतर इथेही तेच. पावसाळ्यात हे पुष्कळ करा, कारण चिखलात बॅकचा पहिला टच फसतो. डिसेंबरात निफाडला पारा उतरतो तेव्हा सकाळी सहाच्या सरावात स्प्रिंट आधी ठेवू नका. वीस मिनिटं अंग गरम झाल्याशिवाय मांडीचा स्नायू धरलाच समजा.

हिशोब आणि भांडणं

दोघांची मैत्री हवीच असं नाही. अँडी कोल आणि टेडी शेरिंगहॅम वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कोलने स्वतः हे लिहिलंय. तरी दोघं एकाच क्लबकडून खेळले आणि १९९९ची तिन्ही मोठी पदकं दोघांच्याही गळ्यात पडली. माझे नऊ आणि दहा नंबरसुद्धा मिसळच्या टेबलावर कधी शेजारी बसले नाहीत. मी तो नाद सोडला.

नाद सोडायचा नाही तो हिशोबाचा. पोरांच्या जगात फक्त गोल मोजले जातात. घरी गेल्यावर आई विचारते "किती मारलेस?", कुणी विचारत नाही "किती जागा मोकळ्या केल्यास?" म्हणून प्रत्येक मॅचनंतर मी वहीतून चार आकडे मोठ्याने वाचतो: गोल, गोलचा पास, बॅक ओढून नेलेली धाव, आणि सोडलेला चेंडू. शेवटच्या दोन्हींना मी गोलइतकेच गुण देतो. शिअररचे ३४ आणि सटनचे १५ गोल हे त्यांना सांगतो, आणि विचारतो की सटन नसता तर ३४ झाले असते का. हैदराबादेत सुरू झालेल्या २००८च्या एएफसी चॅलेंज कपची (आशियाई देशांची स्पर्धा) दिल्लीतली फायनलही सांगतो: भारत ४, ताजिकिस्तान १. सुनील छेत्रीची हॅटट्रिक सगळ्यांना माहीत असते. उरलेला एक गोल भायचुंग भुतियाचा, आणि त्या विजयावर भारत २०११च्या आशियाई चषकात पोचला.

भांडणाची खरी ठिकाणं दोनच. पेनल्टी, आणि दोघांसमोर गोलकीपर एकटा असताना न दिलेला पास. पेनल्टी कोण घेणार ते मॅचच्या आधी कागदावर लिहून कॅप्टनच्या हातात द्या. मैदानावर चर्चा नको. दुसऱ्यासाठी आमचा नियम असा: चेंडूवाल्याला गोलकीपर आणि जवळचा खांब यांच्यातून मोकळी फट दिसत असेल तर मारायचं, नसेल तर द्यायचं. चुकला तर बोलणं मी करेन, जोडीदाराने करायचं नाही. हे पाळलं नाही तर दोघंही पाच मिनिटं बाहेर. एकदा सेमीफायनलला मी हे केलं आणि पालक खवळले. परत केलं तरी करेन.

किती दिवस, आणि कधी तोडायची

आठवड्याला तीन सराव धरले तर वही आणि सुतळीला अडीच आठवडे, येण्या-जाण्याला तीन, बॉक्स आणि ऑफसाइडला दोन. साधारण दोन महिन्यांत जोडी मॅचमध्ये दिसायला लागते. पहिल्या तीन-चार मॅचमध्ये खेळ बिघडलेला वाटेल, कारण दोघंही विचार करत खेळतात आणि अर्धा सेकंद उशिरा पोचतात. तेव्हा बदलू नका.

बदलायची वेळ वेगळी असते. सलग पाच-सहा मॅचमध्ये वहीतले "ओढून नेलेली धाव" आणि "सोडलेला चेंडू" हे दोन्ही रकाने एकाच पोराच्या नावावर भरत असतील आणि गोल दुसऱ्याच्याच, तर आधी भूमिका उलटून बघा: येणाऱ्याला जाऊ द्या, जाणाऱ्याला येऊ द्या. तरी तसंच चाललं तर तोडा. एक पोरगं राबतंय आणि दुसरं जेवतंय, ही जोडी राबणारं पोरगं गमावून बसते.

आणि तिसरा पोरगा पहिल्या दिवसापासून तयार ठेवा. आपल्याकडे जोडी फुटते ती दुखापतीने कमी आणि अकरावीच्या क्लासने जास्त. माझा दहा नंबर एक दिवस येऊन म्हणाला, "सर, घरचे पुण्याला पाठवतायत, नीटसाठी." सोमवारी तो गेला, शनिवारी मॅच होती. सुदैवाने तिसऱ्याने सहा आठवडे सुतळीचं दुसरं टोक धरलेलं होतं. दर सरावात दहा मिनिटं, आळीपाळीने, कधी नऊबरोबर, कधी दहाबरोबर. शनिवारी त्याने गोल मारला नाही. क्रॉस आला तेव्हा तो नियर पोस्टला धावला, बॅक घेऊन गेला, आणि नऊ नंबर फार पोस्टला एकटा होता.

सुतळी दर जूनमध्ये नवीन घ्या. एका पावसाळ्यात कुजते.